देवळीतलं मडकं

बी मोहरीसारखं होतं. वेगळं बांधून ठेवलं नसतं तर फोडणीत गेलं असतं.

*

बारवेच्या तळाशी, जिथं शेवटची पायरी पाण्यात शिरते, तिथं उजव्या हाताला दगडात एक देवळी आहे. कधी तरी तिथं मूर्ती असावी. आता नुसता कोनाडा. भर वैशाखात त्यात हात घातला तरी बोटं गार पडतात.

*

सटवाजीनं जन्मात एकादशी मोडली नव्हती. सगळ्या गावाला हे माहीत होतं, कारण तो दर एकादशीला सांगायचा.

*

हैदराबादेत, एका मुदपाकखान्याच्या खिडकीतून, रोज: खौलते पानी में डुबाव, फौरन निकालो, बरफ पो डालो.

*

आदल्या पावसाळ्यात पटकीची साथ आली तेव्हा तहसिलीतून माणसं आली आणि बारवेत लाल दवा ओतून गेली. पाणी जांभळट झालं. निवळेपर्यंत गावानं ते पाणी सोडलं आणि ओढ्यात झिरे उकरले. दवेनं माणसं वाचली की झिऱ्याच्या पाण्यानं मेली, यावर चावडीत अजून भांडण होतं.

*

चतुराबाईची म्हैस नवं काही पुढं टाकलं की आधी हुंगायची. मग मान वर करून चतुराबाईकडं बघायची. चतुराबाई तिच्याकडं बघायची. मग बऱ्याच वेळानं दोघींपैकी एकीचं समाधान व्हायचं.

*

भाऊबीजेला बन्सीधर हैदराबादेहून बहिणीकडं आला. कोकिळानं त्याला ओवाळलं, आणि ताटात लुगड्याऐवजी फडक्याची एक गाठ पडली. कोकिळाच्या सासूनं, चतुराबाईनं, ती गाठ ताटातून उचलली, हुंगली आणि परत ठेवली. मोहरी आमच्या घरात आहे, असं ती म्हणाली.

बन्सीधर हसला. हैदराबादेत एका नवाबाच्या बंगल्यात तो माळी होता. ही मोहरी नाही, विलायती गोबीचं बी आहे, त्यानं सांगितलं. पांढरी गोबी नव्हे, हिरवी. बारीक कळ्यांचा गड्डा येतो, तो घट्ट असतानाच कापायचा. पिवळं दिसलं की गेलं. बंगल्यात दर हिवाळ्याला तो ही गोबी लावत होता. गड्डे मोजून मुदपाकखान्यात जात. तिथला खानसामा गड्ड्याच्या फांद्या सुट्या करी, खळखळत्या पाण्यात बुडवी, लगेच काढी, बर्फावर टाकी, फडक्यानं टिपून कोरड्या करी. मग डब्यात भरून तो डबा जस्ताच्या पत्र्यानं मढवलेल्या पेटीत, बर्फाच्या लाद्यांमधे ठेवून देई. भर उन्हाळ्यात कुणी बडा पाहुणा आला की डबा निघे. भाजी दगडासारखी कडक झालेली असे. ती तशीच, विरघळू न देता, तापल्या तव्यावर टाकायची. आधी विरघळली तर लगदा. हे सगळं बन्सीधरला तोंडपाठ होतं, कारण खानसामा आपल्या हाताखालच्यांना रोज ओरडून सांगायचा आणि बन्सीधरचे वाफे खिडकीखाली होते.

"चव कशी असती रे दादा?" कोकिळानं विचारलं.

"मला काय ठाव. लावायचं काम माझं. तोंडात न्हाई गेली कधी."

हे तो हसतच बोलला. पण कोकिळाला ते लागलं. गुढीपाडव्याला रजा मिळेल तेव्हा येईन, त्याआधी सोडणार नाहीत, असं सांगून तो निघाला. निघताना एवढंच म्हणाला, आली तर माझ्यासाठी एक ठेव.

ठेवते, ती म्हणाली.

*

ठेवते म्हणणं सोपं होतं.

कोकिळाच्या नवऱ्यानं, आश्रुबानं, मोटेच्या पाटाकडेला कांद्याच्या वाफ्यात त्या बियांची रोपं लावली. आश्रुबा कशालाही 'बघू' म्हणायचा आणि मग काम करून टाकायचा. रोपांची पानं राख उधळल्यासारखी निळसर झाली. येणारा-जाणारा थांबून विचारू लागला. शेजारची कडूबाई, सटवाजीची बायको, तिनं परभणीच्या बाजारात पांढरी गोबी पाहिली होती. ही पिकलीच नाही, असं तिनं सांगितलं. पिकली नाही ती भाजी खायची नसते, हेही सांगितलं. आणि मग आवाज खाली आणून विचारलं, की भावानं ओवाळणीत लुगडं का नाही घातलं?

कोकिळानं पाटाचं पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं. कडूबाईनं ते लक्षात ठेवलं.

*

पहिला गड्डा आला. चतुराबाईनं तो घरात नेला, पानं खुडली, देठ सोलले, पानांची आणि देठांची घोटून मुद्दा भाजी केली. मधला हिरवा गड्डा म्हशीपुढं टाकला. फूल हे काय खायचं असतं होय. फूल म्हणजे अजून फळ यायचंय.

म्हशीनं हुंगलं. चतुराबाईकडं पाहिलं.

म्हशीनं खाल्लं.

कोकिळा मळ्यातून आली तेव्हा पानांची भाजी ताटात होती आणि गड्डा म्हशीच्या पोटात. ती सासूला म्हणाली, आत्याबाई, खायचं ते तेच होतं. चतुराबाईनं तिच्याकडं असं पाहिलं, जणू सून तिला खुळी ठरवायला निघाली आहे. मग रोज सकाळी ती म्हशीचं शेण बघू लागली. डोळे बघू लागली. दुधाचा वास घेऊ लागली.

म्हैस ठीक होती. चतुराबाईला हे पटायला वेळ लागला.

*

माघात बाकीचे सगळे गड्डे एकदम आले. पाडवा लांब होता. ऊन चढू लागलं होतं आणि एका गड्ड्याच्या टोकाला पिवळं दिसलं होतं.

बर्फ कुठून आणायचा? बर्फ तालुकदारसाहेबांचा मुक्काम पडला तरच यायचा, भुश्शात आणि गोणपाटात, आणि येईपर्यंत निम्मा गोणपाटच उरायचा. कोकिळानं गावातल्या गार जागा मनात फिरून पाहिल्या. रांजणाच्या खालची वाळू. देवळाचा गाभारा. पेव. मग बारवेची देवळी.

देवळीत बोटं गार पडत.

एक अडचण होती, आणि ती साधी नव्हती. बारवेचा तळ साती आसरांचा, पाण्यातल्या देवींचा. वरच्या पायऱ्यांवर धुणं चालतं, मधल्या पायऱ्यांवरून दोरानं घागर सोडतात. तळाला फक्त ओटी घेऊन जातात. घरातलं भांडं तिथं कुणी ठेवत नाही. ठेवलं आणि गावात काही झालं, तर ते त्या भांड्यानं झालं. असंच धरतात.

तिनं कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते.

तिनं गड्ड्याच्या फांद्या सुट्या केल्या. चुलीवर मिठाचं पाणी खळखळलं. त्यात फांद्या बुडवल्या, लगेच काढल्या. रंग चढला, हिरवा, जवळजवळ खोटा वाटावा इतका. बर्फाऐवजी बारवेचं ताजं पाणी. मग पडवीत धडप्यावर पसरून टिपल्या. एकेक फांदी बोटभर झाडासारखी दिसत होती, बुंधा, शेंडा, सगळं.

मडकं आणायला ती माळवदावर गेली. खाली आली तेव्हा धडप्यावरचा ढीग कमी झालेला होता.

चतुराबाई जात्यापाशी ज्वारी निवडत होती. कोकिळानं तिच्याकडं पाहिलं. तिनं ज्वारीकडं पाहिलं. कोकिळानं म्हशीकडं पाहिलं. म्हैस रवंथ करत होती.

कोकिळा समजायचं ते समजली. उरलेलं तिनं मडक्यात भरलं, कणकेनं तोंड लिंपलं, आणि दुपारी, बारवेवर कुणी नसतं तेव्हा, पदराखाली घेऊन खाली उतरली.

*

मडकं, कडूबाईनं पाहिलं ते:

देवळी रिकामी असायची. आता तिथं मडकं होतं. तोंड बंद. खाली पाणी, वर कुणी नाही. कणीक एका बाजूनं जरा उकललेली, आणि आत डोकावलं तर हिरवं. झाडंच झाडं, बोटाएवढी. कडूबाईनं मागं वळून वर पाहिलं. असलं झाड कुठल्या रानात नव्हतं. गोबी तिनं अंगावर पानं घेतलेली, वाफ्यात लांबून पाहिली होती. सुट्या केलेल्या, उकळून रंग चढलेल्या फांद्या तिनं पाहिल्या नव्हत्या. आसरांना हिरवं आवडतं. हिरवा चुडा, हिरवा खण. त्यांनीच आपलं रान मडक्यात आणून ठेवलं, दुसरं काय.

तिनं उकललेली कणीक थुंकी लावून बसवली. हळदकुंकू वाहिलं. आपल्याला दिसलं, दुसऱ्या कुणाला नाही, हे तिला फार आवडलं. कुणाला न सांगता तिनं नवस बोलला.

मडकं, कोकिळानं पाहिलं ते:

कुंकू. म्हणजे कुणाला तरी कळलं. पुढच्या खेपेला एक हिरवी बांगडी, मडक्याला टेकून ठेवलेली. त्याच्या पुढच्या खेपेला कापलेलं लिंबू.

लिंबू पाहून ती घाबरली. बांगडीपर्यंत तिनं कसंबसं समजून घेतलं होतं. लिंबू म्हणजे कुणी तरी करणी केली, तिच्यावर, किंवा बन्सीधरच्या घासावर. कोण? तिनं आत्याबाईंच्या हाताला हळद शोधली. हळद होती. पण हळद कुणाच्या हाताला नसते. बारवेवर बायका बोलत असतात आणि ती आली की गप्प होतात, असं तिला वाटू लागलं. त्या गप्प होतही असतील. ती येताना तोंड असं करून यायची की कुणीही गप्प व्हावं.

मडकं तिथून काढावं, तर कुणी लिंबू ठेवलंय त्याला कळेल. ठेवावं, तर लिंबू.

तिनं ठेवलं.

*

एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सटवाजी पहाटेपासून ओकू लागला. पोट पिळवटून निघालं. कडूबाईनं ओवा दिला, हिंग लावला, आणि मग पदर खोचून बारवेकडं धावली, आपल्या मडक्यापुढं डोकं टेकायला.

खालच्या पायरीवर कोकिळा होती. तिनं मडकं देवळीतून काढून मांडीवर घेतलं होतं. कणकेला नाक लावून ती वास घेत होती. आदल्या खेपेपासून तिला संशय होता, की आतून वास येतोय.

कडूबाईला सगळं एका क्षणात दिसलं. देवी नव्हती. आपण या पोरीच्या भांड्याला हात जोडले. आपला नवस हिच्या मडक्यात पडला, आणि आपला नवरा ओकतोय.

ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, "तुजं हाय व्हय हे."

*

चावडीपुढच्या पिंपळाखाली गाव जमलं. दिनकरराव पाटील घोंगडीवर बसले. त्यांच्या मनात सटवाजीपेक्षा तहसील जास्त होती. ओकारीची बातमी तिथं गेली की लाल दवा येणार, बारव बंद होणार आणि जबानी घ्यायला पोलीस जवान बसणार, गावाच्या कोंबड्या खात. गावातच, आजच मिटलं पाहिजे, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं.

सटवाजीला घोंगड्यात गुंडाळून आणून बसवलं होतं. तो मातीकडं बघत होता. पाटलांनी विचारलं, काल काय खाल्लं होतं?

"काल एकादस व्हती," सटवाजी म्हणाला. "निस्तं पाणी."

कुठलं पाणी?

सटवाजीनं घोंगडं वर ओढलं. "बारवेचं."

लोकांनी माना हलवल्या. यापुढं काही विचारायचं उरलंच नव्हतं.

कोकिळानं सांगितलं. भावाचं बी, खानसामा, बर्फाची पेटी, देवळीतला गारवा. सांगताना तिचं तिलाच ऐकू येत होतं, की हे खोटं वाटतंय. नवाबाच्या घरी भाजी बर्फात पुरतात, हे कोण मानील. कुंकू, बांगडी आणि लिंबू आपलं नाही, असं ती म्हणाली, तेव्हा कडूबाईनं पदर तोंडावर ओढला. ते आपलं आहे हे तिनं सांगितलं नाही. मग ते सगळं कोकिळाचंच ठरलं.

आश्रुबाला विचारलं, तुला माहीत होतं का? त्याला माहीत नव्हतं, आणि त्याला खोटं बोलता यायचं नाही.

पाटलांनी काठीनं कणीक फोडली.

वास आला. नासलेल्या अंड्याचा, मोरीचा, आणखी कशाचा तरी. पुढचे लोक मागच्यांच्या पायांवर गेले. मडक्यात हिरवं काही नव्हतं. करडा लगदा होता आणि त्यावर फेस. देवळी गार होती, पण बर्फ नव्हती. बोटाला जे गार लागतं ते भाजीला पुरत नाही, हे कोकिळाला त्या वासासरशी कळलं, आणि दादाचा घास गेला हे कळलं. बाकीच्यांना करणी कळली.

पाटलांनी सांगितलं: मडकं शिवेबाहेर पुरायचं. सुनेनं बारवेची पायरी उतरायची नाही. आणि आश्रुबानं हिला माहेरी पोचवून यावं. परत कधी, ते मग बघू.

'बघू' हा आश्रुबाचा शब्द होता. पाटलांच्या तोंडून ऐकताना त्याला त्याचा अर्थ समजला. नवऱ्यानं सोडलेली बाई आणि करणी करणारी बाई, दोन्ही नावं घेऊन कोकिळा माहेरच्या दारात उभी राहणार होती.

तो उठला. पण त्याच्याआधी गर्दीच्या मागून चतुराबाई उठली होती. ती कुणाशी न बोलता घराकडं चालू लागली. लोकांनी वाट दिली. सुनेचं गाठोडं बांधायला निघाली, असं सगळ्यांना वाटलं. कोकिळालाही.

*

माळवद. माघाचं ऊन. चाळणीवर बोटभर झाडं, आक्रसून नखाएवढी झालेली. वर दुसरी चाळण, कावळ्यांसाठी. चतुराबाई त्यातलं एक उचलते, मोडते. कट्कन मोडलं की वाळलं.

हे आधीचं. मडकं देवळीत गेलं त्याच दुपारचं, आणि पुढच्या काही दुपारींचं.

*

ती परत आली तेव्हा तिच्या एका हातात उतरंडीतलं सर्वांत वरचं गाडगं होतं आणि दुसऱ्या हातात तवा. गाडगं तिनं पाटलांपुढं उपडं केलं. कडुलिंबाचा वाळका पाला पडला, दोन लाल मिरच्या पडल्या, आणि काळपट हिरव्या, सुरकुतलेल्या काड्या पडल्या.

"हे त्याच झाडाचं हाय," ती म्हणाली. "हिनं उकळलं. मी उचललं. गवार वाळवते तसं वाळवलं."

पाटलांनी विचारलं, सुनेला न सांगता का उचललं?

"इस्वास नव्हता म्हून. भावानं काय दिलं, ही काय शिजवायली, घरात कुणाच्या पोटात जाणार, ते मी बगू न्हाई का? पैलं म्हशीला घातलं. म्हैस जगली. मग वाळवलं."

"म्हैस म्हंजे काय माणूस न्हाई," कडूबाई पदराआडून म्हणाली.

"म्हून तर मी खायले आता. तू बस इथंच. मेले तर तुला दिसंल."

कुणी तरी हसलं आणि लगेच खोकलं.

तीन दगड मांडले. पाटलांच्या घरून पाणी आलं, पाटलांच्याच घागरीचं, म्हणजे त्यावर शंका नको. चतुराबाईनं काड्या गरम पाण्यात टाकल्या आणि झाकल्या. वाट बघणं आलं. झाकण काढलं तेव्हा काड्या फुगल्या होत्या, शेंडे उघडले होते. मघाच्या लगद्याकडं आणि या शेंड्यांकडं लोक आळीपाळीनं पाहू लागले. तिनं त्या पिळल्या. तव्यात करडीचं तेल घातलं आणि कनवटीची पुडी सोडली.

पाटलांनी हात वर केला. ही मोहरीच आहे ना?

सगळ्यांनी पुडीत डोकावलं. बारीक, गोल, काळी. चतुराबाईनं उत्तर दिलं नाही. तिनं चिमूट तेलात टाकली. तडतडली. तडतडली म्हणजे मोहरीच, असं पाटलांनी ठरवलं, आणि ते चुकीचं आहे असं म्हणायचं धाडस कुणाला झालं नाही.

लसूण, तिखट, पिळलेल्या काड्या, वरून शेंगदाण्याचा कूट. वास चांगला सुटला. यानं लोक आणखी अस्वस्थ झाले.

तिनं भाकरी मोडली आणि खाल्लं. सगळी भाजी नाही, पण घास मोठे होते. कोकिळा पुढं झाली. तिला खायला सांगतील या भीतीनं नव्हे. तव्यातलं संपेल या भीतीनं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "गाडग्यात थोडं ऱ्हाऊ द्या. दादासाठी."

माहेरी हाकलायला काढलेली बाई हे बोलली. चावडीत कुणाला काय वाटलं ते सांगता येत नाही, पण पाटलांनी मान खाली घालून घोंगडीचं सूत ओढलं. करणी करणारी उरलेलं भावासाठी मागत नाही, एवढं त्यांना समजत असावं.

चतुराबाई तिथंच बसून राहिली, पिंपळाची सावली चावडीच्या पायरीवर चढेपर्यंत. लोक तिच्या तोंडाकडं बघत होते, ती सटवाजीकडं. सटवाजी एकदाही वर बघत नव्हता. त्याची ओकारी दुपारीच थांबली होती. तो मधेच म्हणाला, की मला घरी जाऊ द्या, माझं कुणाबद्दल काही म्हणणं नाही. कडूबाईनं त्याला गप्प बसवलं. तुमचं नसंल, माझं हाय.

चतुराबाईला काही झालं नाही. कडूबाई म्हणाली, उद्या होईल.

पाटलांनी निकाल बदलला, पण पुरता नाही. मडकं पुरायचं ते पुरायचंच. आसरांची ओटी भरायची. सून माहेरी जाणार नाही, पण पाडव्यापर्यंत तिनं तळाला उतरायचं नाही, वरच्या पायरीवरूनच दोरानं पाणी ओढायचं. का? काही झालेलं नसलं तरी काही तरी झालं होतं, म्हणून.

*

घराकडं जाताना कोकिळा सासूच्या मागून चालत होती. तवा तिच्याकडं होता, गाडगं चतुराबाईकडं. ते तिनं दिलं नाही.

कोकिळा म्हणाली, मला वाटलं म्हशीला घातलं. चतुराबाई म्हणाली, तुला वाटलं ते मला दिसत होतं. मग, न थांबता, न वळता:

"तुज्यावर इस्वास ठेवला आसता, तर सगळं त्या मडक्यात गेलं आसतं."

कोकिळानं तवा दुसऱ्या हातात घेतला.

*

कडूबाईनं बारवेवरची आपली जागा बदलली. कोकिळा घागर बुडवून गेली की ती पाणी निवळू द्यायची, मग आपली घागर सोडायची. आसरांचा नवस मात्र तिनं फेडला, मळ्याच्या विहिरीवर, गुपचूप. हिरवी बांगडी पुढं कोकिळाला देवळीखालच्या गाळात सापडली, पाडव्यानंतर, तळाला उतरायची मुभा मिळाली तेव्हा. तिनं ती ओळखली. तशीच बांगडी कडूबाईच्या डाव्या हातात होती, आणि त्या हातात एक कमी होती. कोकिळानं ती परत गाळात दाबली आणि वर येऊन कडूबाईला विचारलं, काकू, कशा आहात? कडूबाईनं तिच्याकडं पाहिलं. असं कधी ती विचारत नसे.

*

पाडव्याला बन्सीधर आला. चतुराबाईनं स्वतः भाजी केली आणि स्वतः वाढली. सून कडेला उभी. आश्रुबा दारात. पलीकडल्या भिंतीवरून कडूबाईचं डोकं.

बन्सीधरनं घास घेतला आणि बराच वेळ चावला. चावायला लागत होतंच. इतक्या वर्षांचे वाफे, गड्डे, मोजून नेणारी माणसं, खिडकीतून येणारं ते ओरडणं, या सगळ्याची चव काय आहे, हे त्याला आता कळत होतं.

"कशी हाय रे?" कोकिळानं विचारलं.

"वाळल्या गवारीवानी," तो म्हणाला. आणखी एक घास घेतला. "याच्यासाठी बर्फ?"

चतुराबाई हसली नाही, पण तिनं त्याला आणखी वाढलं. त्यानं ताटात थोडी भाजी ठेवली आणि ताट बहिणीकडं सरकवलं. कोकिळानं पहिल्यांदा ती खाल्ली तेव्हा तिला गवार लागली नाही. तिला काय लागलं ते तिनं सांगितलं नाही, आणि चतुराबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिली, सांगत का नाही म्हणून.

पिवळी पडलेली एक फांदी आश्रुबानं वाफ्यात तशीच सोडली होती. तिला शेंगा आल्या. बी धरलं. ते चतुराबाईनं मोहरीच्या गाडग्यापासून लांब, वेगळ्या गाठीत बांधलं आणि गाठीवर चुन्याचं बोट ओढलं.

*

एकादशीला सटवाजीनं झरीच्या बाजारात आदल्या दिवशीची कांदाभजी खाल्ली होती.